पट्ट्यात दोष नव्हता

३ मार्च, मंगळवार

ही वही लेकीने आणून दिली. म्हणाली, "आई, तू मनातलं बोलत नाहीस, नुसती ओरडतेस. लिहून बघ, शेजाऱ्यांनाही बरं वाटेल." वीस वर्षांची झाली, म्हणजे आता आईला वळण लावायचं वय झालं तिचं. म्हटलं, लिहीन. ओरडणं मात्र बंद होणार नाही.

तर पहिली तक्रार मालकांची. मी जिथे शिकवते त्या ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी त्यांनी मला न विचारता विकली आणि दुसरी आणली. हे गृहस्थ आयुष्यात कधी शिकाऊ माणसाच्या शेजारी बसलेले नाहीत, पण उंटावरून शेळ्या हाकायला पहिले. म्हणे, "मॅडम, एकदम कम्फर्टेबल गाडी आहे." आत बसले आणि आरशाला टांगलेल्या त्या सुगंधी डबीने डोकं उठलं. ती काढून मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. मग कळलं की सीटचा पट्टा छातीवर काचतो. नुसता काचत नाही, दुखतं. अठरा वर्षं पट्टा लावतेय, असा त्रास कुठल्याच गाडीने दिला नाही.

वर सहा वाजताचे शिकाऊ बँकवाले. नवं लग्न झालंय, बायकोला फिरवायची घाई आहे, आणि ब्रेक असा दाबतात की जणू समोर भिंत उगवलीय. माझ्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतात, म्हणून आम्ही दोघं अजून जिवंत आहोत. आज त्यांच्या चौथ्या ब्रेकला माझ्या पोटात ढवळून आलं. मला! जिला घाटातही कधी गाडी लागली नाही.

७ मार्च, शनिवार

गाडी मिस्त्रीकडे नेली. आमच्या स्कूलच्या सगळ्या गाड्या त्याच्याच गॅरेजमध्ये जातात. मी पट्ट्याचं सांगितल्यावर त्याने तो खालवर करून दिला. तरी दुखतच होतं. पुन्हा केला. तिसऱ्यांदा त्याने सगळा पट्टा ओढून बाहेर काढला, स्वतः लावून बसला, पुढे झुकला, मागे झुकला आणि म्हणाला, "बाई, पट्ट्यात दोष नाही." मी म्हटलं, "मग काय माझ्यात आहे?" गॅरेजमधली पोरं हसली. तो नाही हसला, माझ्याकडे बघत राहिला.

लिहायचंच तर खरं लिहावं. मिस्त्री आणि मी दीड वर्ष एकत्र आहोत. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मिस्त्री पन्नाशीचा, लग्न केलं नाही, आजारी आईचं करण्यात वय निघून गेलं. गॅरेजच्या वर त्याची खोली आहे. कुणाला पत्ता नाही, लेकीला तर अजिबात नाही. तिला वाटतं गाड्या सारख्या बिघडतात. परवाच म्हणाली, "आई, त्या गाडीला काय दमा आहे का? आठवड्यातून दोनदा गॅरेजला?" मी सांगितलं, शिकाऊ लोकांच्या हातात असतात, बिघडणारच. तिला पटलं.

११ मार्च, बुधवार

चार्जर शोधायला लेकीच्या बॅगेत हात घातला आणि हाताला निरोधचं पाकीट लागलं.

मी आरडाओरडा केला नाही. याची नोंद व्हावी. तिला समोर बसवलं आणि शांतपणे बोलले. म्हटलं, तू मोठी आहेस, माणूस कोण आहे ते तुझं तू बघ, पण एक दिवस, एकच दिवस गाफील राहिलीस की निस्तरायचं तुलाच असतं, त्याला नाही. एकदाने काय होतंय म्हणणाऱ्या किती पोरी रडताना पाहिल्यात मी. पाळीचा हिशेब, अमुक दिवस बिनधोक, ऐन वेळी बाजूला होतो, यातल्या कशावरही भरवसा ठेवायचा नाही. चांगलं पाऊण तास बोलले.

ती सगळं ऐकून म्हणाली, "आई, पाकीट बॅगेत आहे म्हणजे काळजी घेतेय हेच ना?" मुद्दा बरोबर होता, पण माझं अजून संपलं नव्हतं. शेवटी तिनं विचारलं, "तू रडतेयस का?" मी रडत होते. का, कोण जाणे. लेक मोठी झाली म्हणूनच असेल.

१४ मार्च, शनिवार

ताई आली होती. ताई माझी थोरली बहीण आणि आमच्या घराण्याची सरन्यायाधीश. तिला सांगितलं, हल्ली दुपारी बसल्या जागी डोळा लागतो, संत्र्याची जाहिरात बघून हुंदका येतो, चहा तोंडाजवळ नेववत नाही. ती म्हणाली, "अगं, जाताना असंच छळते ती. माझं तर दोन वर्षं डोकं फिरलेलं." पाळीबद्दल बोलत होती.

माझी पाळी गेलीच आहे. मागच्या दिवाळीनंतर दोन महिने आलीच नाही. तेव्हा ताईनंच निकाल दिला होता, "गेली. सुटलीस. पेढे वाट." मग जानेवारीत जरा डोकावली आणि पुन्हा बेपत्ता. ताई म्हणाली, हे जाता जाता शेवटचं, आता नाही यायची.

तेव्हाच मिस्त्रीलाही मी सांगून टाकलं की आता ते पाकीट वगैरे नको. तो म्हणाला होता, "नक्की?" मी म्हटलं, "पंचेचाळीस पूर्ण झाली मला. कसला धोका? म्हातारीला कोण पोर देतंय?" आणि खरं सांगू, फार बरं वाटलं होतं. तेरा-चौदाव्या वर्षापासून मानगुटीवर बसलेली भीती उतरली. नवऱ्याच्या वेळी दर महिन्याला धाकधूक. पहिल्यांदा नुसतं सुख घेता आलं. लाज वाटायचं काही कारण दिसत नाही, म्हणून लिहून ठेवते.

१९ मार्च, गुरुवार

मैदानावर रिव्हर्स शिकवताना बाहेर धावले आणि झाडामागे उलटी केली. शिकाऊ काकू घाबरल्या. त्यांना वाटलं त्यांच्या रिव्हर्समुळे. मी तसंच वाटू दिलं, जरा सावकाश चालवायला लागल्या.

सकाळची अंडी शिळी असणार.

शिवाय लघवीला जळजळ होतेय. ते नवं नाही. सकाळी सहा ते बारा आम्ही गाडीत, रस्त्यावर बाईमाणसाला जायला जागा कुठे आहे? म्हणून आम्ही शिकवणाऱ्या बायका पाणीच पीत नाही. घरून निघताना घोटभर, की दुपारपर्यंत कोरड्या. चक्करही त्यानेच येते. सगळ्यांचंच असं आहे, कुणी त्याचं कौतुक करत नाही.

२२ मार्च, रविवार

आज आंघोळ करताना एक विचार येऊन गेला. इतका वेडगळ होता की मी एकटीच मोठ्याने हसले. लेकीने बाहेरून विचारलं, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, साबण पडला.

२६ मार्च, गुरुवार

आज डॉक्टरीणबाईंकडे गेले, जळजळीसाठी. चाळिशीची बाई, केस बारीक कापलेले, पेन कानावर. तपासणी झाली, लघवी दिली. त्यांनी विचारलं, "शेवटची पाळी कधी?"

"गेली माझी."

"कधी गेली?"

"जानेवारीत आली होती थोडी."

"मग गेली असं कुणी सांगितलं?"

"ताईनं."

"ताई डॉक्टर आहे?"

"नाही, मोठी आहे."

त्या हसल्या नाहीत. विचारलं, संबंध येतात का. येतात म्हटलं. काही वापरता? नाही म्हटलं, आणि आवाज जरा चढवूनच म्हटलं, कारण आता ही बाई भुवई उंचावणार. तिने भुवई जागेवर ठेवली. उठून त्याच लघवीत एक पट्टी बुडवली. आम्ही दोघी त्या पट्टीकडे बघत बसलो. दोन रेघा आल्या. दुसरी सावकाश नाही, झटक्यात आली.

मी म्हटलं, "पट्टीत दोष असेल."

"पट्टीत दोष नाही," त्या म्हणाल्या, आणि मला एकदम गॅरेज आठवलं. पट्टा का दुखतो, बँकवाल्यांचा ब्रेक पोटात का जातो, चहाला वास का येतो. एकेक जागेवर येऊन बसलं. अंडी ताजी होती.

मग त्यांनी सांगितलं ते आठवेल तसं लिहिते. या वयात पाळी एकदम बंद पडत नाही, आधी तिचं वेळापत्रक मोडतं. कधी दोन महिने गायब, कधी पंधरवड्यात दोनदा. पण बीज अधूनमधून तयार होतच असतं, आणि ते कधी होईल याचा अंदाज तरुणपणी थोडाफार तरी येतो, आता तोही येत नाही. मूल राहण्याची शक्यता कमी होते, संपत नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही तर गेली म्हणायचं. आणि पन्नाशीच्या आत असाल तर त्यानंतरही आणखी वर्षभर जपायचं. "तुम्ही दोन महिन्यांतच निकाल लावलात," त्या म्हणाल्या.

आम्ही शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी सांगतो, इंजिनाचा आवाज येत नाही म्हणजे गाडी बंद आहे असं समजून पाय काढू नका. अठरा वर्षं सांगतेय.

शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्हाला हे मूल हवंय का?" मी म्हटलं, विचार करून सांगते. मला हा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता.

२७ मार्च, शुक्रवार

क्रिकेटमध्ये पंच चुकला असं वाटलं तर फेरविचार मागायचा असतो. काल येतानाच दूरच्या औषधांच्या दुकानातून दुसरी पट्टी आणली. दुकानदार कागदात गुंडाळताना दबक्या आवाजात म्हणाला, "मुलीला सांगा, सकाळच्या पहिल्या लघवीत करायची."

"मुलीसाठी नाही. माझ्यासाठी आहे. आणि गुंडाळता कशाला? साबण नाही गुंडाळला तुम्ही."

मागे उभ्या आजोबांनी ऐनक सावरली. सावरू देत.

पहाटे केली. त्याच दोन रेघा. पंच बरोबर होता.

दुपारी मिस्त्रीला सांगितलं. तो एका गाडीखाली होता. फक्त पाय बाहेर. मी पायांनाच सांगितलं, कारण तोंडाला सांगायचं धाडस नव्हतं. मग तो सरकत बाहेर आला, हात पुसले, पुन्हा पुसले. चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं आणि गेलं. दचकला असणार. म्हणाला, "मी सोबत आहे. तू म्हणशील ते." पुरुषांचं हे बरं असतं, तू म्हणशील ते. म्हणजे निस्तर तूच. मी तिथून तणतणत निघाले. जाताना बघितलं तर पाना हातात घेऊन तो तसाच बसून होता.

२८ मार्च, शनिवार

लेकीला सांगितलं. स्वयंपाकघरात, ती भांडी विसळत होती. म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. एका दमात सांगून टाकलं, मिस्त्रीसकट.

नळ चालूच राहिला. मग ती म्हणाली, "मिस्त्रीकाकांचं मला माहीत होतं. वर्षभर. दमा झालेली गाडी कुणाला खरी वाटते गं?"

एवढ्यावर थांबली असती तर माझी लेक कसली. "आणि मला पाऊण तास व्याख्यान! एक दिवस गाफील राहिलीस की म्हणे! लोका सांगे ब्रह्मज्ञान!" ताटली आपटली. फुटली नाही, स्टीलची होती. "मला विचारायचंस तरी. दुसऱ्या दिवशी घ्यायची गोळी मिळते, पाच दिवसांच्या आत घ्यावी लागते, जितकी लवकर तितकी बरी. माहीत नाही तुला?"

"शंकाच आली नव्हती तर गोळी कशाची घेऊ?"

"मला आली होती! तू त्या दिवशी पाकिटावरून रडलीस ना, तेव्हाच मनात आलं होतं. पण म्हटलं छे, माझी आई शहाणी आहे."

हे लागलं. मी आत जाऊन पडले. तासाभराने ती आली, पायथ्याशी बसली, माझे तळवे चेपायला लागली. लहानपणी मी तिचे चेपायचे तसे. म्हणाली, "माझं मत विचारू नकोस. मी देणार नाही. माझ्या पोटात नाहीये ते." मग थोड्या वेळाने, "चहाचा वास येतो ना? लिंबूपाणी करू?"

३० मार्च, सोमवार

ताई आली ती दार लावूनच बसली. लेकीने फोन केला नव्हता, मीच केला होता. ताईने आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाली, "कुणाला बोलू नकोस. गाठ आहे म्हणून सांगू. गाठ काढायची म्हणू."

"गाठ कशाला? जे आहे ते आहे."

"या वयात शोभतं का गं हे?"

"शोभायला मी काय पडदा आहे?"

ती रडायला लागली. म्हणाली, मीच सांगितलं गेली म्हणून, माझ्यामुळे झालं. तिची समजूत काढण्यात अर्धा तास गेला. म्हटलं, ताई, तू मोठी आहेस, पण एवढीही मोठी नाहीस. शेवटी नाक पुसत म्हणाली, "माझ्या धाकट्याच्या वेळी मी त्रेचाळीसची होते की. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरा होता ना."

मग मालक. चार दिवस रजा पाहिजे म्हटलं. "कारण?" मी म्हटलं, खासगी. "मॅडम, मुलाच्या परीक्षेत, लग्नसराईत सगळ्यांनाच खासगी असतं, मला कारण लागतं."

"गर्भपात करायचाय."

त्यांच्या हातातला फोन पडला. उचलायला खाली वाकले ते वर यायलाच तयार होईनात. टेबलाखालून म्हणाले, "तब्येत म्हणू. आपण तब्येत म्हणू."

तोवर मी कुणालाच सांगितलं नव्हतं की ठरलंय. माझ्या तोंडून मालकांच्या टेबलासमोर पहिल्यांदा बाहेर पडलं.

१ एप्रिल, बुधवार

सोनोग्राफी झाली. गर्भ गर्भाशयातच आहे, साडेआठ आठवड्यांचा. बाईंनी पडदा माझ्याकडून वळवून ठेवला होता. मी म्हटलं, वळवा इकडे, मी बघू शकते. बघितलं. एक ठिपका लुकलुकत होता. बघितल्याने निर्णय बदलला नाही. न बघता घेतला असता तर तो माझा वाटला नसता.

मला हे मूल नको. कारणं द्यायची सवय आहे आपल्याला, म्हणून दिली नाहीत तर चोरी केल्यासारखं वाटतं. पण कारणं मोठी नाहीतच. मी एक लेक वाढवली, त्यातली अकरा वर्षं नवऱ्याच्या मर्जीने आणि नऊ एकटीने. आता मला दुपारी झोपायचंय. मला मिस्त्रीबरोबर कुठेतरी डोंगरात जायचंय, गाडी मी चालवणार. बस, एवढंच. नवऱ्याने, सासरच्यांनी, लोकांनी जे जे माझ्या पोटाबद्दल ठरवलं, ते मी निमूट ऐकलं. या वेळचं मी ठरवणार.

मिस्त्री आज सोबत आला होता. बाहेर बाकावर बसला, नवीन शर्ट घालून. आत बोलावल्यावर त्याने डॉक्टरीणबाईंना अडखळत विचारलं, "या वयात... होतं का नीट मूल कुणाचं?" त्या म्हणाल्या, "होतं. धोका जास्त, गर्भ पडण्याचं प्रमाणही जास्त, तपासण्या जास्त. पण होतं बऱ्याच जणींचं." तो "हं" म्हणाला. मला राग आला. धोका आहे असं बाईंच्या तोंडून ऐकायचं असणार, म्हणजे मनाला टोचणी नको. मी त्याच्याकडे न बघताच सांगितलं, मला नकोय, गोळ्या द्या.

बाईंनी सगळं समजावलं. रक्तदाब बघितला, जळजळीचं औषध आधीच चालू होतं. एक गोळी तिथेच समोर घ्यायला लावली. उरलेल्या परवा घरी. तासाभरात दोनापेक्षा जास्त पॅड भिजायला लागले आणि तसंच दोन तास चाललं, किंवा ताप चढला, तर वेळकाळ न बघता यायचं. सहीचा विषय निघाला तेव्हा परिचारिका सवयीने म्हणाली, "यजमानांची सही..." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लागत नाही. त्यांची स्वतःची पुरते." मी सही केली. इतकी ठसठशीत की खालच्या कागदावरही उमटली.

४ एप्रिल, शनिवार

दुखलं. काल उरलेल्या गोळ्या घेतल्यावर कमरेत दुपारपर्यंत कुणीतरी जॅक लावून वर उचलल्यासारखं. लेक गरम पाण्याची पिशवी भरत होती, ताई माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि मालकांना शिव्या देत होती, कशाबद्दल ते तिलाच माहीत. माझं हसणं आणि कळ एकदमच येत होती.

संध्याकाळी मिस्त्री दाराशी येऊन गेला. पहिल्यांदाच आला आमच्या घरी. शेजारीण गॅलरीतून वाकून बघत होती. लेकीने मोठ्याने म्हटलं, "या ना काका, आत या." तो आत आला नाही. डाळिंबं दिली, विचारलं, "त्रास?" मी आतून ओरडले, "झालं. सुटलास." तो तसाच माघारी गेला. डाळिंबं सोललेली होती. एकेक दाणा सुटा.

८ एप्रिल, बुधवार

कामावर गेले. बँकवाले आता छान ब्रेक दाबतात. पट्टा काचत नाही. शिकवणाऱ्या दोघीतिघींना गाठून सांगितलं, बाटली भरून पाणी पीत जा, आणि मालकांना सांगितलं, मैदानाच्या कोपऱ्यात संडास बांधा, नाहीतर आम्ही पुढची रजा कशासाठी घेणार ते सगळ्या शिकाऊ लोकांसमोर सांगू. मालक आता माझ्याशी वाद घालत नाहीत. माझ्या तोंडून काय बाहेर पडेल याची त्यांना धास्ती आहे.

मिस्त्री गप्प गप्प असतो. गॅरेजमध्ये एक गिऱ्हाईक लहान पोराला घेऊन आलं होतं. मिस्त्रीने त्याला मांडीवर घेऊन गाडीचं चाक हातात दिलं, हॉर्न वाजवू दिला. गिऱ्हाइकाचं काम कधीच झालं होतं तरी सोडेना. मी म्हटलं, माझी गाडी उभी आहे, कधी बघणार? तेव्हा उठला. सगळे पुरुष सारखे, संकट टळलं की खेळायला मोकळे.

१७ एप्रिल, शुक्रवार

आज फेरतपासणी होती. सगळं साफ झालंय. तांबी बसवून घेतली. बाई म्हणाल्या, ही आता पाळी खरोखर जाईपर्यंत पुरेल, आणि ती गेली का हे मी सांगेन, ताई नाही.

मिस्त्री गॅरेजमधून तसाच उठून सोबत आला होता. परत येताना मी चालवत होते, स्कूलचीच गाडी, मागे लाल एल. मी सारखी बोलत होते. उन्हाळ्यात डोंगरात जाऊ, चार दिवस, मालक रजा देतील, देत नाहीत कशी. तो खिडकीतून बाहेर बघत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "पंधरा दिवस झाले, तोंड शिवलंय का? तुझं काय गेलं यात? झोपून मी काढलं, सोसलं मी."

तो म्हणाला, "मला हवं होतं."

आधी कळलंच नाही काय हवं होतं. मग कळलं. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. "मग तेव्हा का नाही बोललास? इतके दिवस नंदीबैलासारखा मान हलवत होतास!"

"बोललो असतो तर तू ठरवलेलं बदललं असतंस?"

खोटं बोलायचं नव्हतं. "नाही," म्हटलं.

"म्हणून नाही बोललो. उगाच तुला जड झालं असतं."

"मग आज कशाला सांगतोस?"

"आज सांगून काही बदलत नाही ना," तो म्हणाला. "म्हणून सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. दुसरं कोण आहे मला?"

त्या दिवशी गाडीखालून बाहेर आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर आलेलं काय होतं, ते मला आत्ता कळलं. दचकला नव्हता तो.

तीन आठवडे मी सगळ्यांशी भांडले. औषधवाल्याशी, ताईशी, मालकांशी. भांडायला समोर कुणीतरी असावं लागतं. हा माणूस समोर उभाच राहिला नाही. बाजूला सरकून मला रस्ता दिला आणि त्या बाजूला एकटा उभा राहिला. मी त्याला सुटलास म्हटलं होतं.

माझं काही चुकलं नाही. आजही तेच करीन. पण आज त्याचं तोंड बघून माझ्या पोटात तुटलं, तेही खोटं नाही.

त्याचे खांदे हलायला लागले. इतका मोठा माणूस, हात तेलाने काळे, तोंड झाकताही येईना त्याला. मी ब्रेक दाबला. आपोआप दाबला गेला, तिथेच, भर बाजारात, दोन दुकानांच्या मध्ये, रस्त्याच्या मधोमध. मागचा टेम्पो कचकन थांबला. एकाने अर्ध्या उघड्या काचेवर टकटक केलं, "अहो बाई, शिकवता आणि स्वतः...?" मी काच वर केली. पट्टा काढला आणि मिस्त्रीला जवळ घेतलं. मागे पार चौकापर्यंत हॉर्न वाजत होते. त्याचं रडून होईपर्यंत मी गाडी हलवली नाही.